आषाढात पाहिलेले घर

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचे पाणी शुक्रवार पेठेतल्या आमच्या घराच्या पायरीला लागले, तेव्हा सासूबाईंनी देव आणि धान्याचे डबे माळ्यावर चढवायला सांगितले आणि केवळ त्यांचे मन राखण्यासाठी आम्ही ते केले. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका, हे आकडे नदीकाठच्या कोल्हापूरकराला तोंडपाठ असतात. त्या वर्षी नदी ५५ फुटांच्या वर गेली, पुणे-बंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ अनेक दिवस बंद राहिला, आणि आमच्या माजघरात कमरेइतके पाणी उभे होते. वाचले ते सासूबाईंनी माळ्यावर चढवलेलेच तेवढे. २०२१ च्या जुलैमध्ये तेच पुन्हा घडले. दुसऱ्या पुरानंतर भिंतींचे पोपडे खरवडता खरवडता मी आणि यजमानांनी हे घर सोडायचे ठरवले.

नातेवाइकांना वाटले होते की आम्ही शहराच्या उंच भागात, कळंब्याकडे किंवा रुईकर कॉलनीकडे, एखादा फ्लॅट पाहू. आम्ही मात्र गगनबावडा तालुक्यात, कुंभी नदीच्या वरच्या अंगाला घर शोधू लागलो, आणि पुराने पोळलेली माणसे पावसाच्याच तोंडी निघाली आहेत असे बहुतेकांना वाटले. त्यांना मी जे समजावून सांगितले ते इथेही सांगते, कारण घर घेणाऱ्याने ते आधी समजून घेतले पाहिजे. आपल्या जिल्ह्यात पश्चिमेला गगनबावड्यात वर्षाला सरासरी ५,००० मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो आणि पूर्वेला शिरोळमध्ये तो ५०० मिलिमीटरच्या आसपास असतो. तरीही महापुरात गावेच्या गावे रिकामी करावी लागतात ती शिरोळमध्ये. डोंगरावर पडलेले पाणी कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती यांच्यातून प्रयाग चिखलीला एकत्र येते, पंचगंगा होऊन शहराला वळसा घालते आणि नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. तिथे कृष्णाच फुगलेली असली की पंचगंगेला पुढे जायला वाट उरत नाही आणि पाणी मागे पसरू लागते. म्हणजे पाऊस किती पडतो यापेक्षा घर कोणत्या उंचीवर आहे आणि पडलेले पाणी तिथून किती लवकर निघून जाते, हे पाहायचे असते. उतारावरच्या गावठाणात पाऊस दसपट असेल, पण पाणी उंबऱ्यावर थांबत नाही.

हे कारण खरे आहे; पण केवळ तेवढ्यासाठी आम्ही तिकडे गेलो असे म्हणणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. मी तीस वर्षे शाळेत शिकवले आणि त्यातल्या कितीतरी सहली पळसंब्याच्या रामलिंगला नेल्या. ओढ्याच्या पात्रातच अखंड खडकात कोरलेली ती देवळे, वरून झिरपणारे पाणी आणि भर दुपारीही संध्याकाळ झाल्यासारखी ती सावली पाहून परतताना दर वेळी बसमध्ये माझ्या मनात एकच विचार येई, की इथे राहणारी माणसे रोज हे पाहतात. कळे गाव ओलांडले की दोन्ही बाजूंचे डोंगर जवळ येऊ लागतात, साळवणच्या पुढे भाताची खाचरे पायऱ्यांसारखी चढत जातात आणि गगनगड दिसू लागतो. हे सगळे सुंदर आहे, आणि सुंदर आहे म्हणूनच तिथे घर घेताना माणसाच्या हातून चुका होतात.

सुरुवातीला आम्हाला जे दाखवले गेले ते घर नव्हते, गुंठे होते. एका मध्यस्थाने डिसेंबरच्या कोवळ्या उन्हात एका टेकडीवर नेले. चुन्याच्या फक्कीने आखलेले पाच-पाच गुंठ्यांचे चौकोन दाखवले आणि संपूर्ण दरी समोर आहे हे पुन्हा पुन्हा सांगितले. मी सातबारा मागितला. त्यावर चौदा नावे सामाईकात होती, भोगवटादार वर्ग २ अशी नोंद होती, आणि इतर हक्कात विकास सेवा सोसायटीच्या कर्जाचा बोजा होता. वर्ग २ म्हणजे सरकारच्या परवानगीशिवाय जी विकता येत नाही ती जमीन. शिवाय १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यामुळे शेतजमिनीचा ठरलेल्या प्रमाणाहून लहान तुकडा पाडून विकण्यावर बंधने आहेत, आणि १९४८ च्या कुळकायद्याच्या ६३ व्या कलमाप्रमाणे जो शेतकरी नाही त्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून शेतजमीन विकतच घेता येत नाही. आमच्या दोन्ही घराण्यांत तीन पिढ्यांत कोणाच्या नावे शेत नाही. हे सर्व त्या गृहस्थांना ठाऊक असणारच; तरीही त्यांनी शंभर रुपयांच्या मुद्रांकावर साठेखत करून ठेवू, पुढे सगळे नियमित होईल, असा दिलासा दिला. अशा दिलाशावर आयुष्यभराची पुंजी देणारी माणसे मी त्या वर्षभरात पाहिली. त्यांतले एक जोडपे आमच्याच पेठेतले आहे आणि त्यांच्या जागेवर आजही त्यांचे नाव लागलेले नाही.

म्हणून शेतकरी नसलेल्या माणसाने सरळ गावठाणातले जुने घर पाहावे, या निष्कर्षावर आम्ही आलो. गावठाणाच्या हद्दीतल्या घराला शेतकरी असल्याचा दाखला लागत नाही आणि बिनशेतीचा प्रश्नही येत नाही. आणि दुर्दैवाने आपल्या पश्चिमेकडच्या वाड्या-वस्त्यांवर बंद घरांना तोटा नाही. गिरणीच्या काळात या डोंगरातली माणसे मुंबईला गेली, नंतरची पिढी इचलकरंजीला मागावर आणि पुण्याला कारखान्यांत गेली, आणि गावात कुलूप लावलेली कौलारू घरे उरली. त्यांतलेच एक घर आम्हाला शाळेतल्या एका शिपाईमामांच्या ओळखीने फेब्रुवारीत पाहायला मिळाले. गावाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे ज्यांच्याविषयी लिहिले आहे ती माणसे तिथे राहतात.

जांभ्या दगडाच्या भिंती, पुढे सोपा, मधे माजघर, एका अंगाला न्हाणी, मागे परडे आणि परड्यात फणस, असे ते घर होते. सोप्यावरून समोरचा डोंगर आणि खाली कुंभीला मिळणारा ओढा दिसत होता. आम्ही दोघेही काही न बोलता बराच वेळ तिथे बसलो, आणि किंमत विचारण्याआधीच घर मनाने घेऊन झाले. शेजारच्या घरातल्या आक्कांनी ते आमच्या चेहऱ्यावरून ओळखले असावे. त्यांनी ताक आणून दिले आणि म्हणाल्या, "बाई, उन्हाळ्यात ह्यो गाव कुनालाबी आवडतंय. आषाढात येऊन चार दिस ऱ्हावा, आन् मग काय ते बोला."

घर घेण्याच्या बाबतीत आजवर मला मिळालेला हा सर्वांत मोलाचा सल्ला आहे. आम्ही तो पाळला. इसार दिला नाही, घरमालकांना तसे स्पष्ट सांगितले, आणि पुनर्वसू लागल्यावर, म्हणजे ज्याला आपल्याकडे तरणा पाऊस म्हणतात त्या दिवसांत, आक्कांच्याच घरी आठवडाभर राहायला गेलो.

तो आठवडा मी सविस्तर सांगते. पहिल्या दिवशी कळले की पाऊस तिथे वरून पडत नाही, आडवा येतो. पश्चिमेच्या बाजूची भिंत दिवसभर झड खात होती आणि जिथे वळचण आखूड होती तिथे दगड काळा पडून आतून घाम आल्यासारखा ओलावला होता. हे फेब्रुवारीत दिसणे शक्यच नव्हते. दुसऱ्या दिवशी बंद घराचे कुलूप काढून आत गेलो, तर माजघरात तीन ठिकाणी कौलांतून धार लागलेली होती आणि त्यांतली एक नेमकी मधल्या तुळईवर पडत होती. जोते मात्र कोरडे होते. मागच्या डोंगरावरून येणारे पाणी परड्याच्या वरच्या अंगाला दगडी चरातून वळवून ओढ्याला सोडलेले होते, आणि ज्या कोणी शंभर वर्षांपूर्वी तो चर काढला त्याची समज पाहून मला त्या घराविषयी विश्वास वाटू लागला. तिसऱ्या दिवशी वीज गेली ती पाचव्या दिवशी आली. मोबाईलला रेंज फक्त देवळाच्या कट्ट्यावर मिळत होती. चौथ्या दिवशी कोल्हापूर-गगनबावडा रस्त्यावर मांडुकलीजवळ पाणी आले आणि एसटी बंद झाली. किरवे, लोंघे, खोकुर्ले ही वाटेवरची नावे पावसाळ्यात वर्तमानपत्रात का येतात, ते आम्ही पहिल्यांदा वरच्या बाजूने अनुभवले. आम्ही सुरक्षित होतो, पण शहरापासून तुटलो होतो. रात्री कुणाच्या छातीत दुखू लागले तर कोल्हापूरचे सीपीआर रुग्णालय गाठता येणार नाही, हे तेव्हा यजमानांनी बोलून दाखवले आणि मी उत्तर दिले नाही.

त्याच आठवड्यात रोप लावण चालू होती. खोळी पांघरलेल्या बायका वाकून ओळीने मागे सरकत होत्या, चिखलात पॉवर टिलरचा आवाज घुमत होता, आणि पाऊस कमी झाला की ढग दरीतून वर चढून सोप्यात येत होता. आक्कांनी चुलीवर नाचणीच्या भाकरी केल्या. सहाव्या दिवशी यजमान म्हणाले, "पावसाळ्याचे दोन महिने शहरात मुलाकडे किंवा भाड्याने राहता येईल, पण या घराला पावसाळ्यात एकटे सोडून चालणार नाही." आमचा निर्णय त्या वाक्यात झाला, असे मला आज वाटते. हे घर उन्हाळ्याच्या सुट्टीपुरते घ्यायचे नव्हते. घ्यायचे तर त्यात राहायला हवे होते.

यानंतर व्यवहार. ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा, म्हणजे ज्याला गावात घरठाण उतारा म्हणतात, तो ज्यांच्या नावे होता ते गृहस्थ पंचवीस वर्षांपूर्वी वारले होते. हा उतारा घरफाळ्याच्या आकारणीसाठी असतो, तो मालकी सिद्ध करत नाही, हे अनेकांना माहीत नसते, आणि फाळ्याची पावती हातात आहे म्हणजे घर आपले आहे असे विकणाराही समजतो आणि घेणाराही समजतो. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणांची मोजणी होऊन घरांना मिळकत पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड, मिळू लागल्या आहेत, आणि सुदैवाने या गावाची मोजणी झालेली होती. पत्रिका हाती यायला मात्र काही महिने गेले. ती नाही म्हणून एका बँकेने आमचे कर्ज नाकारले होते. तेव्हा मला त्याचा फार राग आला. पण त्या नकारामुळेच आम्ही थांबलो, आणि थांबलो म्हणून वारसांचा प्रश्न आमच्यापुढे खरेदीनंतर येण्याऐवजी खरेदीच्या आधी आला.

वारलेल्या गृहस्थांना तीन मुलगे आणि दोन मुली. थोरले गावात होते आणि विक्रीची बोलणी त्यांनीच चालवली होती. तिन्ही भावांची तोंडी वाटणी झाली होती, घर थोरल्यांकडे आले होते, आणि बहिणींचा विषय आपापल्या घरी गेल्या म्हणून संपला होता. थोरले खोटे बोलत नव्हते. त्यांच्या मनात हिशेब खरोखरच इतका सरळ होता. परंतु महाराष्ट्रात १९९४ साली आणि देशभर २००५ साली कायद्यात बदल होऊन वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना मुलांबरोबरीचा वाटा मिळाला आहे, आणि आमच्या वकिलांनी सर्व वारसांच्या सह्या खरेदीपत्रावर आल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका, असे बजावले. गावातल्या काही जणांनी आम्हाला दुसरा मार्ग सुचवला होता, की बहिणींकडून आधी हक्कसोड करून घ्यावे आणि मग त्यांना विचारात घ्यायचे कारणच राहणार नाही. तो मार्ग कायदेशीर आहे. मला तो पटला नाही. हक्कसोड म्हणजे बहिणीने न घेता सोडणे. आम्ही तर पैसे देऊनच घर घेणार होतो, मग त्या पैशांत तिचा वाटा का नसावा?

म्हणून त्या हिवाळ्यात मी आणि यजमान, थोरल्यांना बरोबर घेऊन, एकेका वारसाच्या घरी गेलो. मधले भाऊ लालबागच्या चाळीत होते. गिरणी बंद पडल्यानंतर त्यांनी तिथेच छोटे दुकान टाकले होते आणि गावच्या घराचा विषय काढताच त्यांनी न पाहता सही करण्याची तयारी दाखवली. धाकटे वारले होते. त्यांच्या पत्नी दोन मुलांसह इचलकरंजीत राहत होत्या आणि त्यांना आपला त्या घरात हिस्सा आहे हेच ठाऊक नव्हते. थोरल्या बहीण आजऱ्याकडे दिलेल्या. त्यांनी आम्हाला घनसाळचा भात वाढला, आणि मग थोरल्या भावाकडे वळून एवढेच विचारले की मला हे परक्या माणसांकडून का कळावे. थोरले खाली पाहत बसले. आम्ही बाहेर अंगणात जाऊन उभे राहिलो, आणि आतले बोलणे तासभर चालले. त्या तासात आमची खरेदी मोडली असती तरी मी तक्रार केली नसती.

धाकट्या बहीण मुंबईत होत्या, सत्तरीच्या. त्यांचे म्हणणे निराळे होते. पैशांबद्दल त्यांनी काही विचारले नाही. माजघरातल्या कोनाड्यात एक दगडी दिवा आहे, गावच्या म्हाईला, म्हणजे जत्रेला, माहेरी आल्यावर तो आपण लावत होतो, घर विकले तर म्हाईला मी कुठे उतरायचे, एवढाच त्यांचा प्रश्न होता. मी त्यांना म्हणाले, "ताई, कोनाडा आम्ही हलवणार नाही, आणि म्हाईला तुम्ही याच घरी उतरायचे." खरेदीपत्रात हे लिहिता येत नाही. त्या मागच्या दोन्ही वर्षी म्हाईला आल्या, दिवा त्यांनीच लावला, आणि रश्श्यात मीठ कमी आहे हेही त्यांनीच सांगितले.

बाकीची कागदपत्रे त्या मानाने सरळ होती. वकिलांनी मालकीचा ३० वर्षांचा शोध अहवाल काढला, स्थानिक दैनिकात जाहीर नोटीस दिली, आणि तिच्यावर हरकत आली ती शेजारच्या चुलत घराण्याची, की परड्यालगतचा गोठा या मिळकतीचा नसून आमचा आहे. भूमी अभिलेख खात्याची मोजणी मागवली तेव्हा गोठा खरोखरच त्यांचा निघाला. मोजणी न करता घेतला असता तर पहिल्याच वर्षी ज्यांच्या बांधाला बांध आहे त्यांच्याशी आमचे वैर झाले असते. खरेदी माझ्या नावावर केली, कारण राहते घर स्त्रीच्या नावे घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्क्याची सवलत मिळते, आणि थोरल्या बहिणीच्या घरी बसलेल्या त्या तासानंतर मला ते तसेच असावे असे वाटत होते.

दुरुस्तीचा खर्च घराच्या किमतीच्या निम्म्याहून अधिक झाला. अशा घराचा विचार करणाऱ्याने हे आधीच धरून चालावे. शहरातून नेलेल्या ठेकेदाराने सर्व भिंतींना सिमेंटचा गिलावा, वर स्लॅब, असा अंदाज दिला होता. गावातल्या वयस्कर गवंड्यांनी मात्र भिंतीला हात लावून सांगितले की ही मातीत बांधलेली भिंत आहे, तिला सिमेंट लावले तर आत शिरलेली ओल बाहेर पडणार नाही आणि दोन पावसांत गिलावा फुगून येईल. म्हणून आतून चुन्याचा गिलावा केला, पश्चिमेची वळचण तीन फुटांनी पुढे काढली, आणि झडीच्या भिंतीला बाहेरून पत्र्याचा आडोसा दिला. वासे बहुतेक ऐनाचे होते. त्यांतले जे किडले होते ते सगळे स्वयंपाकघराबाहेरच्या भागातले निघाले. सुतारांनी कारण सांगितले, की चुलीच्या धुराने लाकूड काळे पडते पण कीड लागत नाही. घर बंद पडले, चूल विझली आणि दहा-बारा वर्षांत वाळवीने वर चढायला सुरुवात केली. आम्ही गॅस ठेवला आहे, पण चूलही ठेवली आहे, आणि पावसाळ्यात ती रोज पेटते.

२०२४ मध्ये मी निवृत्त झाले आणि तेव्हापासून आम्ही तिथेच राहतो. त्या जुलैत पंचगंगेने पुन्हा धोक्याची पातळी ओलांडली आणि खालचा रस्ता बंद झाला, तेव्हा आम्ही वरती होतो. पंधरा दिवसांचे धान्य, यजमानांची रक्तदाबाची औषधे महिनाभराची आणि सौरदिवे अशी तयारी होती. वैद्यकीय मदतीची काळजी मात्र कोणत्याही तयारीने मिटत नाही. तालुक्याच्या गावी ग्रामीण रुग्णालय आहे, १०८ ची गाडी येते, पण हृदयविकार किंवा फुरसे चावणे अशा प्रसंगी मिनिटे मोजावी लागतात आणि रस्ता पाण्याखाली असेल तर मोजूनही उपयोग नाही. ज्यांना गंभीर आजार आहे त्यांनी पावसाळ्यात इथे राहू नये, हे मी प्रत्येकाला सांगते, आणि आमच्यावर तशी वेळ आली तर आम्हीही राहणार नाही.

दुसरी गोष्ट पाण्याची. ५,००० मिलिमीटर पावसाच्या मुलखात एप्रिल-मे महिन्यांत पाणी कमी पडते, हे पाहुण्यांना खरे वाटत नाही. जांभा दगड सच्छिद्र. पडलेले पाणी तो धरून ठेवत नाही, आणि उतार इतका तीव्र की उरलेले पाणी ओढ्याने कुंभीला आणि कुंभीने खाली निघून जाते. उन्हाळ्यात नळाला एक दिवसाआड पाणी येते. आम्ही कौलांच्या पन्हळीचे पाणी टाकीत साठवतो आणि ते भांडी, कपडे व परड्याला मे महिन्याच्या मध्यापर्यंत पुरते. गव्यांचा कळप संध्याकाळी खाचरांत उतरतो, आणि भात पोटरीला आले की गावातली माणसे रात्र रात्र शेतातल्या माळ्यावर बसून राखण करतात. आमच्यासाठी जे वन्यजीवन आहे ते त्यांच्यासाठी वर्षाचे पीक आहे, हे मी इथे राहू लागल्यावर शिकले.

आणखी एक गोष्ट मला अस्वस्थ करते. गेल्या काही वर्षांत आमच्या आजूबाजूला शहरातल्या लोकांनी जागा घेऊन बंगले बांधले आहेत. वर्षातून दहा दिवस तिथे दिवे लागतात. शेजारच्या वाडीत अशाच एका बंगल्याच्या मालकाने आपल्या हद्दीवरून जाणारी पाणंद भिंत घालून बंद केली. ती पाणंद कागदावर नव्हती, पण तीन पिढ्या तिच्यावरून गुरे डोंगरावरच्या सड्यावर चरायला जात होती. आता बायकांना वैरणीचे भारे डोक्यावर घेऊन अर्धा कोस वळसा पडतो. मालकांनी कायदा मोडला असे मी म्हणत नाही. पण ज्या गावात आपण जागा घेतो तिथे आपल्या आधीपासून चाललेल्या वाटा असतात, आणि त्या सातबारावर नसल्या म्हणून नसतात असे नाही. आमच्याही परड्यातून एक वाट जाते. आक्कांच्या म्हशी तीच वाट धरून ओढ्यावर जातात. मध्यंतरी यजमानांनी कंपाउंड घातले तेव्हा दोन ठिकाणी फाटके सोडली, आणि त्यांना कडी लावलेली नाही.

गावात आम्ही घरफाळा भरतो, ग्रामसभेला बसतो, आणि मी शाळेतल्या मुलांना शनिवारी गणित शिकवते. पश्चिम घाटाच्या पर्यावरणीय संवेदनशील क्षेत्राच्या सरकारी मसुद्यावर ग्रामसभेत वाद झाला तेव्हा मी बोलले नाही, कारण २०१४ पासून पुन्हा पुन्हा निघालेल्या त्या मसुद्यांची टांगती तलवार ज्यांच्या शेतावर आहे त्यांनी आधी बोलायला हवे होते. माझे मत जंगल राखावे असे आहे. ते मी सभा संपल्यावर तलाठ्यांना आणि सरपंचांना सांगितले, आणि तेवढाच मला अधिकार आहे असे वाटते.

आता मे महिना सुरू झाला आहे. परवापासून शाकारणी काढली आहे. सुतार आणि त्यांचा मुलगा कौले एकेक उतरवून, घासून, फुटकी बाजूला काढून पुन्हा बसवत आहेत, आणि मी खाली उभी राहून चांगली कौले मोजून वर देते. चराचा गाळ काढायचा राहिला आहे. पुण्याहून मुलाने आपल्या मित्रासाठी विचारले आहे, की गावातले आणखी एखादे बंद घर पाहायला तो जूनच्या आधी येऊन जाऊ शकतो का. मी त्याला कळवले आहे की घर आहे, पण आक्का म्हणतात आषाढात यावे.